कमेरो वाळेपर्यंत

"बाजे, तुमचं मीटर बिघडलंय," खिमराजने जाहीर केले.

"काय म्हणतंय ते?"

"भिंतीकडे धरलं की म्हणतं, बाप रे, किती उजेड, कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करा. सरपणाकडे धरलं की म्हणतं, अंधार आहे, सताड उघडा. अन् ऊन तर दोन्हीकडे एकच पडलंय! मग खोटं बोलतंय की नाही?"

नरप्रसाद हिराचनने गच्चीच्या कठड्यावरून पाय खाली सोडले आणि तिन्ही पोरांना जवळ बोलावले. खिमराज, निश्मा आणि डोल्मा. वये दहा ते बारा. तिघांचेही हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, कारण सकाळपासून ती घराला कमेरो लावत होती. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आधी आमच्या मार्फा गावात प्रत्येक घराला ही पांढरी माती लावतात. आमा समूह, म्हणजे गावातल्या आयांचा गट, दिवस ठरवून देतो, आणि ज्या घराची भिंत त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पांढरी झाली नाही, त्या घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी शाळेची भिंतही रंगवावी लागते. त्यामुळे उशीर सहसा कुणी करत नाही.

"मीटर खोटं बोलत नाही, बाबू," नरप्रसाद म्हणाला. "ते भोळं आहे. बनवणाऱ्यानं त्याच्या कानात एकच गोष्ट सांगून ठेवलीय, की जगात सगळं राखेच्या रंगाचं असतं. त्याला बर्फ दाखवला की त्याला वाटतं, ही राख जरा जास्तच उजळलीय, उजेड कमी करा. कोळसा दाखवला की वाटतं, बिचारी राख अंधारात पडलीय, उजेड वाढवा. त्याचं सगळं ऐकलंत तर फोटोत बर्फाचीही राख होते आणि कोळशाचीही."

"आमच्या मामासारखं," डोल्मा म्हणाली. "त्याला काहीही वाढलं तरी म्हणतो, मीठ कमी पडलंय."

"मग आमा काय करते?"

"हो हो म्हणते. घालत मात्र नाही."

"शाब्बास! तेच करायचं. मीटरला हो म्हणायचं, मान द्यायचा, आणि मग मीठ आपल्या डोक्यानं घालायचं. भिंत दाखवली तर मीटर सांगेल त्याच्यापेक्षा दोन स्टॉप जास्त उघडायचं. एक स्टॉप म्हणजे किती?"

"दुप्पट उजेड!" तिघे एकदम ओरडले.

"दोन स्टॉप?"

"चौपट!" निश्मा एकटीच बरोबर होती. खिमराज "तिप्पट" म्हणाला आणि डोल्माने त्याच्या कानावर कमेरोचे बोट ओढले.

गावातली सगळी मुले नरप्रसादला मीटर बाजे, म्हणजे मीटरवाले आजोबा, म्हणतात. चाळीस वर्षे तो सरकारी फळबागेत कारकून होता. कलमांची नोंद ठेवायची, कुठल्या झाडाला किती सफरचंदे लागली ते लिहायचे, आणि अहवालाला जोडायला झाडांचे फोटो काढायचे, एवढे त्याचे काम. एक जपानी फळतज्ज्ञ दोन वर्षे बागेत राहून गेला. जाताना तो आपले मीटर नरप्रसादच्या टेबलावर ठेवून गेला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा तुला याची जास्त गंमत वाटते. तळहातावर मावेल एवढी ती डबी. तिच्यात एक काटा, बाजूला एक बटण, आणि वर सरकवून बसवायची दुधी रंगाची अर्धगोल टोपी. निवृत्त झाल्यावर नरप्रसाद दर शनिवारी, शाळेला सुट्टी असताना, ज्याला यायचे त्याला गच्चीवर बोलावून उजेड मोजायला शिकवू लागला. कधी बारा पोरे यायची, कधी दोन. आज तीन होती, आणि हा शेवटचा शनिवार होता. सोमवारी सकाळच्या विमानाने नवराबायको पोखऱ्याला जाणार होते, लेकीकडे, सानूकडे, कायमचे.

खालच्या गच्चीवरून खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ खाचा पाडलेल्या ओंडक्याच्या शिडीवरून त्याच्या बायकोचे, दिलकुमारीचे, डोके वर आले. तिच्या एका हातात कमेरोचे भांडे होते.

"शाळा चालू आहे की काम? खालची अर्धी भिंत कोरडी ठणठणीत आहे."

"बजै, आम्ही मिठाबद्दल बोलत होतो," डोल्मा म्हणाली.

"मीठ माझ्या स्वयंपाकघरात असतं. चला, उठा. आज संध्याकाळी समूहाच्या बाया बघायला येणार आहेत. परवा निघायचं म्हणून मला काही सोडणार नाहीत त्या."

"त्या सोडतील," नरप्रसाद म्हणाला. "तूच सोडत नाहीस. किल्ली निश्माच्या आमाकडे द्यायची, कुलूप लावायचं, मग रंग कशाला?"

"जाणाऱ्यानं घर काळं टाकून जाऊ नये," दिलकुमारी म्हणाली. तिने भांडे खाली ठेवले, एक हात छातीवर धरून श्वास मोकळा होऊ दिला, आणि मग पोरांकडे वळली. "या तुमच्या बाजेला विचारा, गावातल्या किती जणांच्या नागरिकतेच्या कागदावर यांनी काढलेला फोटो आहे?"

"सगळ्यांच्या," खिमराज म्हणाला.

"लग्नं किती काढली?"

"लय."

"फळबागेतल्या प्रत्येक झाडाचा फोटो आहे. किडलेल्या फांदीचासुद्धा आहे. आता विचारा, आपल्या स्वतःच्या घराचा, वर बर्फाचा नीलगिरी उभा असलेला, असा किती फोटो काढला?"

पोरे नरप्रसादकडे बघू लागली. नरप्रसाद मीटरकडे बघू लागला.

"एकही नाही!" दिलकुमारी म्हणाली. "चाळीस वर्षं. दर वेळी एकच उत्तर. सानूची आमा, आज उजेड बरोबर नाही."

"नव्हताच."

"चाळीस वर्षं नव्हता?"

"ऐका रे पोरांनो, तुम्हीच न्याय करा," नरप्रसाद म्हणाला. "सकाळी सूर्य कुठून येतो? नीलगिरीच्या मागून. म्हणजे घरावर ऊन पडतं पण डोंगर काळा. संध्याकाळी डोंगर पेटल्यासारखा दिसतो, पण आपल्या मागच्या कड्याची सावली घरावर पडलेली असते. डोंगराला धरून उजेड ठेवला तर घर कोळसा. घराला धरून ठेवला तर डोंगर कोरा कागद. दोघांवर एकत्र ऊन असतं फक्त दुपारी दोनच्या सुमाराला, अर्धा तास. आणि दोन वाजता आपल्याकडे काय असतं?"

"वारा!" तिघे म्हणाले. काली गंडकीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. अकरा वाजले की नदीच्या पात्रातली वाळू उठते आणि संध्याकाळपर्यंत डोळे उघडू देत नाही.

"न्याय झाला," नरप्रसाद म्हणाला.

"कसला झाला! चाळीस वर्षांत एकही दुपार बिनवाऱ्याची नव्हती?" दिलकुमारी कठड्यावर टेकली. आता ती ओरडत नव्हती. "पोखऱ्याला मी जाते आहे. डॉक्टर म्हणाला या उंचीवर माझी छाती टिकायची नाही, ठीक आहे. सानूच्या हॉटेलात भांडी घासीन, भाजी चिरीन. पण पोखऱ्याहून आपल्या डोंगरांची पाठ दिसते. लोक पैसे देऊन येतात तिथं, ती पाठ बघायला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज चूल पेटवून बाहेर आले की पहिल्यांदा हा कठडा आणि त्याच्यावर हा डोंगर बघितलाय. मला दोघं एकत्र हवेत. तिथल्या चुलीसमोर टांगायला. एवढंच म्हणते."

मग निश्मा म्हणाली, "बाजे, आज दोन वाजता काढूया."

"वारा असेल."

"मग असू दे की."

नरप्रसादने नीलगिरीकडे पाहिले, मग बायकोकडे. "कॅमेऱ्यात सहा फोटो शिल्लक आहेत," तो हळूच म्हणाला. "नवीन रीळ पोखऱ्याशिवाय मिळायचं नाही. आणि ही स्लाइडची फिल्म आहे, तिला जास्त उजेड चालत नाही, कमीही चालत नाही."

"सहा पुष्कळ झाले," दिलकुमारी म्हणाली. "मला एकच पाहिजे. आणि मी त्याच्यात नको हं. मी काय, रोज असतेच माझ्याबरोबर."

साडेबारा वाजता गच्चीचा कठडा रंगवून झाला. नरप्रसादने कॅमेऱ्याचे तिकाटणे मागच्या बाजूच्या उंच गच्चीवर उभे केले, पायांना दोरीने दगड बांधले. तिथून खाली त्याची स्वतःची गच्ची, कडेने रचलेली सरपणाची काळी भिंत, पांढरा कठडा, पलीकडे गावाच्या सपाट गच्च्या आणि त्यांच्यावर नीलगिरी, असे सगळे कॅमेऱ्यात बसत होते.

"आता सांगा," तो पोरांना म्हणाला, "उजेड कशावरून मोजायचा?"

"सगळ्यावरून!" खिमराज म्हणाला. "मीटर समोर धरायचं, जे येईल ते."

"त्यात बर्फ किती, आकाश किती, सरपण किती, हे मीटरला कळतं का?"

"नाही. सगळ्याची खिचडी करतं."

"मग?"

"बर्फावरून," निश्मा म्हणाली. "सगळ्यात उजळ तेच आहे. ते सांभाळलं की बाकी सांभाळलं."

"बरोबर बोललीस. पण आपलं मीटर इथून फक्त बर्फ बघू शकत नाही. त्याची नजर रुंद आहे, बर्फाबरोबर आकाशही ओढून आणतं. नीलगिरीवर चढून जवळ धरशील?"

"मी टोपीनं मोजीन," डोल्मा म्हणाली. तिला ती दुधी टोपी फार आवडे. "टोपी लावली की मीटर वस्तूकडे बघतच नाही. वरून पडणारं ऊन मोजतं. भिंत असो की लाकूड, त्याला काही घेणं नाही."

"तेही बरोबर," नरप्रसाद म्हणाला. "पण ही भिंत मला चाळीस वर्षं ओळखते. दर दसैंला मी हिच्यावरून उजेड घेतो आणि दोन स्टॉप उघडतो. कधी दगा दिला नाही. दोन वाजता वाऱ्यात मोजत बसायला वेळ नसेल, म्हणून आत्ताच मोजून ठेवू. ऊन तेव्हाही एवढंच असेल."

तो खाली गेला, कठड्याच्या भिंतीपासून एक वीत अंतरावर मीटर धरले, आपली सावली पडणार नाही याची काळजी घेत बटण दाबले, काटा वाचला. निश्माने वहीत लिहिले: *भिंत. दोन उघडायचे.* आकडे लिहून खाली दोन रेघा मारल्या. नरप्रसादने त्याप्रमाणे कॅमेरा लावून ठेवला आणि सगळे जेवायला बसले.

दिलकुमारीने फापराच्या पिठाचा उकडीसारखा ढिंडो केला होता आणि सुकुटीचा, म्हणजे सुकवलेल्या मांसाचा, रस्सा. खिमराजने तीनदा घेतला. चौथ्यांदा ताट पुढे केले तेव्हा डोल्मा म्हणाली, "याला मीटर लावा बाजे. कितीही वाढा, म्हणतो कमी आहे."

आज वारा उशिराच, जेवताना उठला. आधी छपरावरच्या पताका फडफडल्या, मग सरपणातून शीळ वाजली, मग दाराची कडी आपोआप हलू लागली. नरप्रसादचे लक्ष ताटात नव्हते. दोन वाजायला दहा मिनिटे असताना तो उठला.

वर सगळे त्याने सांगितल्यासारखेच होते. नीलगिरीच्या सुळक्यावर ऊन पूर्ण आले होते, घड्या घातल्यासारखी एकेक कड दिसत होती. गच्चीवरही ऊन होते. फक्त वाळूचे लोट मध्येच येत आणि सगळे दृश्य पुसून टाकत. खिमराज आणि निश्माने तिकाटण्याचा एकेक पाय धरला. डोल्मा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि लोट येताना दिसला की "आला!" असे ओरडू लागली.

"आला! ... गेला! काढा बाजे!"

खट्.

"आला! अजून एक आला मागून! ... गेला!"

खट्.

असे पाच फोटो झाले. नरप्रसाद प्रत्येक वेळी शटर दाबण्याआधी श्वास रोखत होता. पाचव्यानंतर त्याने डोळे पुसले आणि हसला. "झालं. पाचातला एक तरी लागला असेल. एक राखून ठेवू."

तेवढ्यात दिलकुमारी खालच्या गच्चीवर आली. पदर नाकाला लावलेला. तिने कठड्याच्या भिंतीवर हात फिरवला, बोटे बघितली आणि समाधानाने मान हलवली.

"आता कसा रंग धरला!" ती वर बघून म्हणाली. "साडेबाराला तर नुसती राखेसारखी होती. मला वाटलं, या वर्षीचा कमेरो वाईट आला. वाळल्यावर बघा कशी दुधासारखी झाली."

नरप्रसादचा हात कॅमेऱ्यावरच राहिला.

"काय म्हणालीस?"

"दुधासारखी झाली म्हटलं."

"त्याच्या आधी?"

"राखेसारखी होती. ओली होती ना. कमेरो ओला असताना कधी पांढरा दिसतो का? वाळेपर्यंत रंग येत नाही त्याला. चाळीस वर्षं लावतेय मी. विचारायचं होतंत."

नरप्रसाद तिकाटण्याशेजारी खाली बसला. पोरांना कळेना काय झाले. मग निश्माने वही उघडली, दोन रेघा मारलेली ओळ बघितली, भिंतीकडे बघितले, आणि तिचे तोंड उघडेच राहिले.

"बाजे... आपण मोजलं तेव्हा भिंत ओली होती."

"हो पोरी."

"म्हणजे ती खरंच राखेसारखी होती. म्हणजे मीटर बरोबर होतं. आणि आपण वर दोन स्टॉप..."

"...मीठ घातलं," डोल्माने वाक्य पूर्ण केले.

"पाचही?" खिमराजने विचारले.

"पाचही. भिंत जाईल, बर्फ जाईल. सगळा कोरा कागद." नरप्रसादने डोक्यावरची टोपी काढून केस खाजवले. दर वर्षी तो दसैंच्या दिवशी मोजत असे, रंग लावून आठ दिवस झालेल्या भिंतीवरून. रंग लावल्याच्या दिवशी कधीच मोजले नव्हते. तो हसू लागला. आधी स्वतःशीच, मग मोठ्याने. "लिहा रे वहीत. मीटर भोळं, पण बाजे त्याच्याहून भोळा. खाली दोन रेघा मारा."

निश्माने खरोखर लिहिले.

"हसताय काय!" दिलकुमारी खालून ओरडली. "सावली बघा कुठं आलीय!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. पश्चिमेच्या कड्याची सावली गावात उतरली होती. गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्या तिने गिळल्या होत्या, लालचनांच्या घराचे छप्पर अर्धे काळे झाले होते. मध्ये फक्त दोन घरे राहिली होती. आणि कॅमेऱ्यात एक फोटो.

"तळहात!" खिमराज म्हणाला. "तुम्ही शिकवलंत ना, काही नसलं तर तळहातावरून मोजायचं अन् एक स्टॉप उघडायचं!" आणि त्याने आपला तळहात पुढे केला. तो धुऊनही कमेरोने पांढराफटक होता. निश्माचाही. डोल्माचाही. नरप्रसादने आपला बघितला. तोही तसाच, वर ढिंड्याचा डाग.

"आज मार्फात कुणाचाही हात मोजण्यालायक नाही," तो म्हणाला. "डोल्मा, टोपी!"

डोल्माने खिशातून दुधी टोपी काढली, फुंकर मारून वाळू उडवली आणि मीटरवर सरकवून बसवली. "पण टोपी तिथं धरावी लागते ना बाजे? जिथं ऊन पडतंय तिथं, कॅमेऱ्याकडे तोंड करून?"

"हो. खाली, कठड्यापाशी. पळ."

"इकडे दे ते," दिलकुमारी म्हणाली. "मी आहे की इथं. शिडीवरून पडशील वाऱ्यात."

मीटर टोपलीत घालून दोरीने खाली सोडले. दिलकुमारीने ते हातात घेतले. इतकी वर्षे तिने त्याच्यावरची धूळ पुसली होती, पेटीत ठेवले होते, पावसात पिशवीत गुंडाळले होते. वापरले कधीच नव्हते.

"कसं धरू?"

"हनुवटीखाली धर! टोपी माझ्याकडे! आता बटण दाब आणि सोड, काटा तिथंच थांबेल!"

"दाबलं!"

"काय म्हणतोय?"

ती डोळे बारीक करून बघत राहिली. वारा तिचा पदर ओढत होता. "पंधरा! काटा पंधराला टेकलाय! पण मी इथं मोजलं, डोंगर तर तिकडं आहे. त्याचं काय?"

"जे ऊन तुझ्यावर आहे तेच त्याच्यावर आहे!" नरप्रसाद ओरडला. "एकच सूर्य आहे, सानूची आमा! तुझं माप ते त्याचं माप!"

"लवकर, बाजे!" निश्मा म्हणाली. सावली शेजारच्या घराच्या पताकेला लागली होती.

त्याने आकडे मनात फिरवले, कॅमेऱ्याचे कडे वळवले. मग बर्फासाठी अर्धा स्टॉप कमी केला. एवढेच मीठ त्याने आज आपल्या डोक्याने घातले. "बाजूला हो आता!" त्याने हाक दिली.

आणि तेव्हाच मोठा लोट आला. सगळे नाहीसे झाले: गच्ची, डोंगर, दिलकुमारी. पोरांनी डोळे मिटून तिकाटण्याला मिठी मारली. लोटाच्या आतून तिचा खोकला ऐकू येत होता, थांबत नव्हता.

"आत जा!" नरप्रसाद ओरडला. "राहू दे ते! आत जा, छातीत वाळू जाईल! परत कधीतरी..."

"परत कधी?" लोटाच्या आतून उत्तर आले. खोकला, आणि पुन्हा: "चाळीस वर्षं राहू दे म्हणालात. आज मी राहू देत नाही. तुम्ही तुमचं काम करा."

लोट निघून गेला. दिलकुमारी बाजूला झालेली नव्हती. उठवलेच नसेल तिच्याने. ती कठड्याला टेकून बसली होती, एका हाताने पदर नाकाशी धरून, दुसऱ्या हातात मीटर अजून हनुवटीखाली तसेच. तिच्या मागे भिंत पांढरी, तिच्याही मागे नीलगिरी. सावलीची कड सरपणापर्यंत आली होती.

"बजै, सरका!" खिमराज ओरडला.

"नको," नरप्रसाद म्हणाला. "राहू दे तशीच."

खट्.

क्षणभराने गच्चीवरचे ऊन गेले. नीलगिरी वर तसाच उजळ राहिला, आणि संध्याकाळी आमा समूहाच्या बाया येऊन भिंत बघून गेल्या. त्या म्हणाल्या, रंग छान बसलाय.

पोखऱ्यात सानूचे हॉटेल बसथांब्यामागच्या गल्लीत होते. खाली आठ टेबले, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या दोन खोल्या. महिनाभरात दिलकुमारीचा खोकला बराच कमी झाला. ती भाजी चिरायची, ढिंडो करायची आणि गिऱ्हाइकांनी ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल सानूला बोलायची. नरप्रसाद सकाळी तळ्याकाठी फेरी मारायचा आणि परत येऊन सांगायचा, इथे हवा दमट फार, डोंगर धुरकट दिसतात. कुणी विचारले नाही तरी सांगायचा.

रीळ काठमांडूला धुवायला गेले होते. पाकीट आले तेव्हा दुपारची गर्दी ओसरत होती. नरप्रसाद ते घेऊन स्वयंपाकघरात आला, खिडकीपाशी उभा राहिला आणि चौकटीत बसवलेल्या एकेक स्लाइड उजेडाकडे धरून बघू लागला.

पहिल्या पाच त्याला माहीतच होत्या. भिंत नव्हती, नीलगिरी नव्हता. जिथे ते असायला हवेत तिथे पांढरे भोक, आणि मध्ये सरपण मात्र अगदी सुरेख आलेले. त्याने त्या वेगळ्या ठेवल्या. त्यांच्या चौकटींवर त्याने बारीक अक्षरात लिहिले, *ओल्या कमेरोवरून*, आणि एका लिफाफ्यात घालून वर मार्फाच्या शाळेचा पत्ता घातला. आत चिठ्ठी टाकली: निश्मा, खिमराज आणि डोल्मा यांनी वर्गात दाखवाव्यात. चांगला फोटो कुणीही दाखवतो.

मग सहावी उजेडाकडे धरली. तो बराच वेळ बघत राहिला.

"लागला का?" दिलकुमारीने विचारले. ती चुलीपाशी होती. हात पिठाचे.

"बघ तूच."

तिने हात पुसले, स्लाइड कडेने धरली आणि खिडकीपाशी गेली. नखाएवढ्या चित्रात कठड्याचा प्रत्येक ओरखडा दिसत होता. कमेरो लावताना खिमराजने उमटवलेला हाताचा पंजासुद्धा होता. भिंत पांढरी होती, पण कोरी नव्हती. नीलगिरीच्या प्रत्येक घडीत निळी सावली होती. आणि मध्ये एक लहानशी बाई बसली होती, मीटर हनुवटीशी धरून.

"मी आहे की यात," दिलकुमारी म्हणाली.

"तू हललीच नाहीस."

"मी म्हटलं होतं ना, मी नको म्हणून."

"मोठा करून आणतो," नरप्रसाद म्हणाला. "बाजारात एक जण करतो म्हणे, दोन हात रुंद. चौकट पण करून देतो. इथं चुलीसमोर..."

"थांबा जरा," ती म्हणाली. "डाळ बघा, उतू जाईल."

नरप्रसाद चुलीपाशी गेला. चाळीस वर्षांत त्याने डाळ कधी ढवळली नव्हती. त्याने पळी उचलली, उलटी धरली, मग सुलटी केली, आणि फेस खाली बसेपर्यंत हळूहळू ढवळत राहिला. बाहेर सानू कुणाला तरी दोन ताटे सांगत होती. खिडकीपाशी दिलकुमारी पाठमोरी उभी होती, स्लाइड उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून.